अकोटच्या पुढची गाडी: अकोला-खंडवा लाइनची पार्श्वभूमी

2017 च्या सुरुवातीला अकोला-खंडवा मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली छोटी लाइन) रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हा अकोट-तेल्हाऱ्याच्या लोकांनी कुरकुर केली नाही. दक्षिणेकडचा पूर्णा जंक्शन-अकोला टप्पा 2008 मध्येच मोठ्या लाइनवर, म्हणजे ब्रॉडगेजवर, गेला होता, आता आपला नंबर, एवढाच हिशेब होता. अकोला-अकोट हा 44 किलोमीटरचा सपाट मुलखातला तुकडा झालाही. 2020 मध्ये सुरक्षा तपासणी उरकली. गाडी मात्र सुटेना.

ती सुटली नोव्हेंबर 2022 मध्ये, आणि त्याआधी काय घडलं ते विसरता येत नाही. ऑक्टोबरमध्ये गांधीग्रामजवळच्या पूर्णा नदीवरच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडे गेले, अकोट-अकोला रस्त्याची वाहतूक बंद झाली आणि एसटीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना लांबचा फेरा पडू लागला. दोन वर्षांच्या निवेदनांनी जे झालं नव्हतं ते महिनाभरात झालं. योगायोग म्हणायचा असेल त्याने म्हणावं.

ही लाइन मुळात स्वातंत्र्यानंतरची. खंडव्यापर्यंत उत्तरेचं मीटरगेज होळकरांच्या काळापासूनच आलं होतं. मधला सातपुडा ओलांडून ते अकोल्यामार्गे हिंगोली-पूर्णेकडे, म्हणजे दक्षिणेच्या मीटरगेजला जोडलं, आणि जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस अकोल्यावरून हैदराबादकडे जाऊ लागली. धुळघाटला चढ कमी करण्यासाठी रूळ स्वतःलाच वळसा घालून वरून ओलांडायचे. ज्या पुलाखालून गाडी गेली, थोड्या वेळाने त्याच पुलावरून ती जायची आणि खिडकीतल्या नवख्या माणसाला गाडी उलटी फिरली की काय असं वाटायचं.

खरं घोडं अडलं ते अकोट ते आमला खुर्द (खंडव्याच्या अलीकडचं स्टेशन) या टप्प्यावर. जुन्या मार्गातले जवळपास 39 किलोमीटर मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जातात. प्रकल्प 1973-74 चा, लाइन त्याआधीची. म्हणून रेल्वेचं म्हणणं सरळ होतं: नवा मार्ग टाकत नाही, आहे तोच रुंद करतोय. वन्यजीववाल्यांचं उत्तरही बिनतोड होतं. मीटरगेजची गाडी रांगत जायची, तीही दिवसातून मोजक्या वेळा. ब्रॉडगेज झालं की वेग वाढणार, मालगाड्या येणार, रात्रीही धावणार. शिवाय आतली काही गावं पुनर्वसनात बाहेर आलेली, मग तिथे गाडी हवी कुणाला? त्यापेक्षा हिवरखेडच्या पुढे पश्चिमेला वळून सोनाळा, जामोदकडून लाइन न्यावी. सुमारे 30 किलोमीटरचा फेरा पडेल, पण बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यांनी आजवर रेल्वे पाहिली नाही त्यांना ती मिळेल.

प्रकरण कोर्टात गेलं, समित्यांकडे गेलं. 2021 मध्ये राज्य सरकारने केंद्राला पत्र लिहून प्रकल्पाबाहेरचाच मार्ग मागितला. पुढे रेल्वेही वळणमार्गाला तयार झाली. वाघाच्या बाजूने हा निर्णय योग्यच वाटतो. पण या सगळ्या वादात ‘वाघ की रेल्वे’ एवढंच चाललं. वाण रोड, धुळघाट या स्टेशनांवरून गाडीत चढणाऱ्या कोरकू आदिवासी माणसाचं काय, हे विचारणारे थोडे. अकोटचा बाजार, अकोल्याचं सरकारी हॉस्पिटल, खंडव्याकडची मजुरी, सगळं त्या पॅसेंजरच्या स्वस्त तिकिटावर होतं. पुनर्वसन झालं ते काही गावांचं, सगळ्या मेळघाटाचं नाही. वळणमार्ग मान्य करताना त्यांच्यासाठी निदान रस्ता आणि एसटीची सोय बांधून घ्यायला हवी होती. ती मागणी ना रेल्वेच्या बाजूने जोरात झाली, ना जंगलाच्या.

जामोदकडच्या लोकांना वळणमार्ग म्हणजे लॉटरीच वाटली, आणि ते साहजिक आहे. मात्र सातपुडा तिकडूनही ओलांडावाच लागतो. पायथ्याची जमीनही रेल्वेची नाही, शेतकऱ्यांची आहे, आणि सोनाळ्याच्या बाजूला त्यात संत्र्याच्या बागा आहेत. जुन्या मार्गावर प्रश्न वनखात्याच्या परवानगीचा होता. नव्या मार्गावर तो भूसंपादनाचा, म्हणजे मोजणी, हरकती आणि मोबदल्याच्या दराचा झाला.