गारठा: एका घरी बनवलेल्या स्पेलचं गणित

आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या ग्रुपमध्ये जो विझर्ड (जादूगार) खेळतो त्याने एकदा गेम सुरू व्हायच्या आधी माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि म्हणाला, पुस्तकातले स्पेल (मंत्र) खेळून झाले, हा माझा स्वतःचा आहे, चालेल का सांग. नाव ठेवलं होतं गारठा. साठ फुटांच्या आतल्या एका शत्रूवर टाकायचा, त्याचा सेव्ह हुकला तर ४डी८ थंडीचं डॅमेज आणि शिवाय तो जागच्या जागी थिजणार, एक मिनिटभर, फक्त स्वतःच्या दर टर्नच्या शेवटी त्याला परत एक सेव्ह मारून सुटता येईल. सेव्ह जमला तर निम्मं डॅमेज, बाकी काही नाही. लेव्हल दुसरी.

मी डीएम, म्हणजे गेम चालवणारा, त्यामुळे हो की नाही हे मलाच सांगायचं होतं, आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो अगदी ठीक वाटला. मग वही घेऊन बसलो आणि जसजसं गणित करत गेलो तसतसं लक्षात आलं की स्पेलवर जो आकडा लिहिलेला असतो तो त्याच्या ताकदीचा बऱ्याचदा सगळ्यात छोटा भाग असतो, मोठा भाग अशा शब्दांत लपलेला असतो ज्यांच्याकडे आपण बघतही नाही.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गेम गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणला, टेबलभोवती बसून गोष्ट सांगायची आणि जिथे काय होईल ते नक्की नाही तिथे फासे टाकायचे. ४डी८ म्हणजे आठ बाजूंचे चार फासे टाकून बेरीज. सेव्ह म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपला बोनस (शरीर, शहाणपण अशा प्रत्येक गुणाचा वेगळा) मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा, गाठला तर स्पेलमधून वाचलात. खाली जे आकडे येतील ते सगळे २०१४ च्या पाचव्या एडिशनचे.

आता आधी डॅमेज. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी ३.५, आठ बाजूंच्याची ४.५, दहाच्याची ५.५. म्हणजे गारठ्याचे ४डी८ सरासरी १८. डीएमच्या पुस्तकात नवीन स्पेल बनवण्यासाठी एक तक्ता दिलाय, त्यात दुसऱ्या लेव्हलच्या, एकाच शत्रूवर चालणाऱ्या स्पेलला ३डी१० सांगितलंय, म्हणजे सरासरी १६.५. फरक फक्त दीडचा. आमचा विझर्ड हाच तक्ता दाखवून म्हणत होता की बघ, जवळपास बरोबरच आहे की, आणि तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

सरासरीबद्दल अजून एक गोष्ट सांगतो कारण स्पेल बनवणारे इथे हमखास फसतात. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल ८डी६ चा, जास्तीत जास्त ४८. समजा कोणी म्हणालं की मी ४डी१२ चा स्पेल बनवतो, त्याचंही जास्तीत जास्त ४८ च, मग दोन्ही सारखेच ना? तर नाही. ८डी६ ची सरासरी २८ आणि ४डी१२ ची २६, आणि मुख्य म्हणजे फासे जितके जास्त तितकी बेरीज मधे गोळा होते. फायरबॉल साधारण चारातल्या तीन वेळा २३ ते ३३ मध्येच पडतो, पूर्ण ४८ पडायची शक्यता सोळा लाख एकोणऐंशी हजारांत एक वगैरे. ४डी१२ ला मात्र तेच ४८ वीस हजार सातशे छत्तीसमध्ये एकदा पडतं. कारण जुनंच आहे, गॅलिलिओने तीन फाशांवर हे मोजून दाखवलं होतं की १० ही बेरीज २१६ पैकी २७ प्रकारे येते आणि ९ मात्र २५ प्रकारे, आणि म्हणून जुगाऱ्यांना १० जास्त वेळा दिसतो. मधल्या बेरजांपर्यंत जायला वाटा जास्त, टोकाला जायला एकच. त्यामुळे ज्या स्पेलवर भरवसा ठेवायचाय त्याला छोटे आणि जास्त फासे द्यावेत, आणि ज्यात जुगार खेळायचाय त्याला मोठे आणि कमी.

बरं, आता ते थिजणं. तक्त्यात त्याला आकडाच नाहीये.

शत्रू म्हणून ओगर घेऊ, मोठा, मठ्ठ, ५९ हिट पॉइंट, म्हणजे एवढं डॅमेज झालं की तो पडतो. तिसऱ्या लेव्हलच्या (ही विझर्डची लेव्हल, स्पेलची वेगळी) विझर्डचा डीसी म्हणजे गाठायचा आकडा साधारण १३ असतो. ओगरचा शरीराचा बोनस +३, म्हणजे गारठा शरीराच्या सेव्हवर चालत असेल तर त्याला फाशावर १० किंवा जास्त हवेत, तो ५५ टक्के वेळा वाचेल आणि ४५ टक्के वेळा हुकेल. पण ओगरची शहाणपणाची बाजू −२ आहे, तिथे त्याला १५ लागतात, म्हणजे ७० टक्के वेळा हुकणार. कागदावर आमच्या विझर्डने शहाणपणाचा सेव्ह लिहिला होता, मुद्दाम नाही, आधीच्या कुठल्यातरी स्पेलवरून तसाच उतरला होता.

डॅमेजच्या बाजूने बघितलं तर या एका शब्दाने फार काही बिघडत नाही. हुकला तर १८, वाचला तर ९, म्हणजे शरीराच्या सेव्हला सरासरी १३ आणि शहाणपणाच्या सेव्हला १५.३. दोनेक पॉइंट इकडे तिकडे. पण थिजण्याकडे बघा. पहिला सेव्ह हुकला की ओगरची एक टर्न गेलीच, मग शेवटी परत सेव्ह, परत हुकला की अजून एक गेली, असं चालू राहणार. हुकण्याची शक्यता प धरली तर सरासरी किती टर्न जातील याची बेरीज प + प×प + प×प×प अशी होते, शाळेतली भूमिती श्रेणी, आणि तिचं उत्तर प भागिले (१ − प). प जर ०.४५ असेल तर ०.८२ टर्न. प जर ०.७ असेल तर २.३३ टर्न, आणि एक मिनिट म्हणजे दहा राउंडची (राउंड म्हणजे प्रत्येकाची एक टर्न) मर्यादा धरली तरी २.२७. डॅमेज जेमतेम १७ टक्के वाढलं आणि थिजणं पावणेतीन पट झालं! शक्यता सरळ रेषेत वाढते पण वाया गेलेल्या टर्न वर वर उचलत जाणाऱ्या वक्रात वाढतात, प ०.८ झाला की साडेतीनच्या वर, ०.९ झाला की जवळपास सहा. मला हे कागदावर दिसलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं कारण विश्वासच बसेना.

आणि अजून गंमत, यात एक शब्द बदलला तरी आकडा हलतो. सेव्ह टर्नच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवला तर ओगरला पहिली टर्न गमवायच्या आधीच एक संधी मिळते, मग बेरीज प×प पासून सुरू होते आणि २.३३ चे १.६३ होतात. शेवटी आणि सुरुवातीला, एवढाच फरक, आणि त्याची किंमत ओगरची जवळपास पाऊण टर्न. अनुभवी डिझायनर स्पेलच्या मजकुरातल्या अशा शब्दांवर का अडून बसतात ते मला त्या दिवशी नीट कळलं.

पण हिशोब इथे संपत नाही कारण थिजलेला ओगर नुसता गप्प उभा राहत नाही, बाकीची पार्टी त्याच्यावर तुटून पडते. नियम असा की थिजलेल्यावर वार करताना दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, आणि जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट. मोठी तलवार घेतलेला आमचा फायटर एरवी ओगरवर ७५ टक्के वेळा वार लावतो आणि दर टर्नला सरासरी ८ च्या आसपास डॅमेज देतो. थिजलेल्या ओगरवर तो जवळपास ९४ टक्के वेळा वार लावतो, प्रत्येक वार सरासरी १७ चा, म्हणजे टर्नला १६. दुप्पट. असे दोन जण असतील आणि ओगर सव्वादोन राउंड थिजला तर त्या एका स्पेलमुळे ३६-३७ जादा डॅमेज झालं, आणि त्यातलं एकही विझर्डच्या नावावर दिसत नाही! कागदावर १८ लिहिलंय आणि टेबलवर त्याच्या दुप्पट काम दुसऱ्यांच्या हातून होतंय. शिवाय ओगरने त्या वेळात जे वार केले असते ते वाचले ते वेगळेच.

पुस्तकातले असे स्पेल बहुतेक वेळा कॉन्सन्ट्रेशन मागतात, ते यासाठीच. एका वेळी असा एकच स्पेल धरून ठेवता येतो, आणि विझर्डला मार बसला की किमान १० गाठून तो टिकवावा लागतो, मार मोठा असेल तर जास्त. म्हणजे शत्रूंना स्पेल मोडायचा रस्ता मिळतो, विझर्डला लपावं लागतं, पार्टीला त्याला वाचवावं लागतं. गारठ्यात ते नव्हतंच.

एरियाच्या स्पेलचं गणित वेगळंच फसवतं, थोडं आडवाटेला जाऊन सांगतो. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट होतं, त्यामुळे “अजून दहाच फूट दे ना” ही मागणी दिसते तेवढी साधी नसते. १९७८ च्या नियमांत फायरबॉल साधारण ३३,००० घनफूट जागा भरतो असं सरळ लिहिलं होतं, वीस फूट त्रिज्येच्या गोलाचं घनफळ तेवढंच येतं. आता हाच फायरबॉल दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात फोडला तर आग जाणार कुठे, ती दोन्ही बाजूंना मिळून ३३० फूट पसरणार, आणि फेकणारा त्यातच उभा असणार. नंतरच्या एडिशनमधून हा नियम गेला, पण मला तो मनापासून आवडतो, कारण त्यात स्पेल जगाच्या भूमितीला बांधलेला होता.

फिजिक्सचा विषय निघालाच आहे तर, कागद वाचून होतो न होतो तोच बाकीच्यांनी विचारलं की गारठ्याने नदी गोठवून पूल करता येईल का. माणूस चालू शकेल असा बर्फ साधारण दहा सेंटिमीटर जाडीचा लागतो. एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब पूल म्हणजे एक घनमीटर, नऊशे किलोच्या वर बर्फ. शून्य अंशावरचं एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे पूर्ण पुलाची तीनशे मेगाज्यूलच्या वर. गेममधला एक राउंड सहा सेकंदांचा, तेवढ्यात ही सगळी उष्णता कुठेतरी न्यायची आहे, म्हणजे पन्नास मेगावॉट. सत्तर किलोच्या वर टीएनटीमध्ये एवढी ऊर्जा असते. जादूला ऊर्जेचा नियम लागू नाही हे ठीक, पण मग तुमच्या जगात ती उष्णता जाते कुठे याचं उत्तर डिझायनरने स्वतःपुरतं तरी ठरवावं, कारण त्यातूनच चांगल्या कल्पना सुचतात. आम्ही तेव्हा सोपा रस्ता घेतला, मजकुरात एका जिवंत प्राण्यावर असं लिहिलं आणि नदी वगळली.

मग राहिलं टेस्टिंग. सगळे म्हणतात की तीन-चार सेशन खेळून बघ, कळेल. इथे मी असहमत आहे. समजा ओगरसारखे शत्रू ४५ टक्के वेळा हुकतात आणि तीन सेशनमध्ये स्पेल सहा वेळा टाकला गेला. सहापैकी पाच किंवा सहा वेळा तो चालण्याची शक्यता ७ टक्के, आणि पाच किंवा सहा वेळा फुकट जाण्याची १६ टक्के. म्हणजे एकच स्पेल वेगवेगळ्या टेबलांवर दिला तर जवळपास चारातल्या एका टेबलचं मत साफ चुकीचं बनेल, कोणी म्हणेल फारच ओपी, म्हणजे नको इतका ताकदवान आहे आणि कोणी म्हणेल काही कामाचा नाही. त्यात माणसाला ठळक प्रसंगच आठवतात, ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये यावर लिहिलं होतं, की जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं. ओगर चार राउंड थिजून मेला तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

यावर उपाय कम्प्युटरवर फासे टाकण्याचा, आणि तो उपाय मुळात एका गेममधूनच आलाय. १९४६ मध्ये गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम आजारपणातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते, डाव सुटायची शक्यता किती हे सूत्राने काढणं जमेना तेव्हा त्यांना वाटलं की शंभर डाव लावून नुसतं मोजलं तर काय होईल. तीच पुढे जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर मॉन्टे कार्लो पद्धत झाली आणि लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेत न्यूट्रॉनच्या हिशोबाला लागली. यातली चूक शंभर ट्रायलला साधारण पाच टक्क्यांची असते आणि दहा हजारांना अर्ध्या टक्क्याची, अचूकता दुप्पट हवी तर ट्रायल चौपट. दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो आणि पूर्ण लढाई, मार, कॉन्सन्ट्रेशन तुटणं, सगळं त्यात घालता येतं. टेबलवरच्या टेस्टिंगमधून मग दुसरंच बघायचं, स्पेल टाकताना मजा येतेय का, आणि बाकीचे कंटाळून बसलेत का.

आमच्या विझर्डला मी सरळ नाही म्हणालो नाही, कारण त्याला थिजणारा शत्रू बघायचा होता आणि ती इच्छा चांगली होती. दोघांनी बसून गारठा परत लिहिला. डॅमेज ३डी८ म्हणजे सरासरी १३.५, सेव्ह शरीराचा, हुकला तर शत्रूचा वेग निम्मा, विझर्डच्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत. आणि त्या निम्म्या वेगात असताना त्याच्यावर परत गारठा पडला आणि सेव्ह परत हुकला, तरच तो थिजेल, एका टर्नपुरता. थंडी आधी हातापायांत उतरते आणि मग आत जाते, हे त्याचंच वाक्य, ते वर्णनात तसंच ठेवलं. ओगरवर हे दोन्ही होण्याची शक्यता ०.४५ गुणिले ०.४५, म्हणजे वीस टक्के, आणि तिसऱ्या लेव्हलला दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, दोनच असतात, तर त्या पाचातल्या एका संधीसाठी त्याला दिवसाचे दोन्ही खर्च करावे लागतात. मागच्या दोन्ही सेशनमध्ये त्याने पहिला टाकला, ओगर मंदावला, आणि दुसरा टाकायचा की स्लॉट राखून ठेवायचा यावर टेबलवरचे सगळे एकदम बोलायला लागले.