हत्ती झोपला, हे सोंड सांगते

‘हत्ती उभ्यानेच झोपतो, आडवा झाला की त्याला उठता येत नाही’ हे लहानपणापासून कानावर पडतं. ते खरं नाही. धडधाकट हत्ती आडवा होतो आणि उठतोही. अवघड आहे ते रात्री उभा असलेला हत्ती झोपलाय की जागा आहे, हे ओळखणं.

विजेरी मारली की हत्ती सावध होतो, मग त्याचं नेहमीचं वागणं दिसत नाही. अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही, पण तिथे हिशेब आडवा येतो. कॅमेऱ्यातल्या संवेदकाचा एक बिंदू (पिक्सेल) 12 मायक्रॉनचा, लेन्स 35 मिलिमीटरची आणि हत्ती 300 मीटरवर असेल तर एका बिंदूत साधारण 10 सेंटिमीटर मावतात. अडीच मीटर उंचीचा हत्ती जेमतेम 25 बिंदूंचा, आणि सोंडेचं टोक एखाद-दुसऱ्या बिंदूत संपतं. पानांआडचं तर याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

आणि हवी असते ती सोंडच! जागा हत्ती सोंड फार वेळ स्वस्थ ठेवत नाही. वास घेणं, चाचपणं, गवत उपटणं चालूच असतं. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे पॉल मँगर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. बोट्सवानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात दोन कळपप्रमुख हत्तिणींना भूल देऊन त्यांच्या सोंडेच्या कातडीखाली हालचाल मोजणारं छोटं यंत्र बसवलं. सोंड सलग 5 मिनिटं किंवा जास्त स्थिर राहिली, तर ती झोप धरली. ही मर्यादा मिनिटभरावर आणली, तर कानोसा घेत थबकलेली हत्तीणही झोपलेली ठरेल. अंग उभं की आडवं, हे गळपट्ट्यातला जायरोस्कोप सांगत होता आणि ठावठिकाणा जीपीएस.

35 दिवसांच्या नोंदी 2017 मध्ये प्रसिद्ध झाल्या. झोप दिवसाला सरासरी 2 तास, तीही तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक पहाटे 2 ते 6 च्या दरम्यान. कधी कधी तर हत्तिणी 46 तासांपर्यंत झोपल्याच नाहीत, आणि अशा वेळी 10 तासांत 30 किलोमीटर चालल्या.

यावरून ‘हत्ती दोन तासांत भागवतो, मग माणसाला आठ कशाला?’ असे संदेश कुणी पाठवत असेल, तर ते साफ चूक आहे. नोंदी दोनच हत्तिणींच्या आहेत, आणि माणसाच्या झोपेबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. शिवाय यंत्राने मेंदूच्या लहरी मोजल्या नव्हत्या, त्यामुळे झोप कोणत्या प्रकारची होती हे थेट कळत नाही. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, स्नायू सैल पडतात, त्यामुळे ती उभ्याने लागणं कठीण. आणि या हत्तिणी आडव्या झाल्या त्या तीन-चार दिवसांतून एकदा, साधारण तासभर. म्हणजे रेम झोप त्यांना रोज मिळत नसावी, हा फक्त अंदाज.