एलिझाबेथचा डॅम उडवायला बत्तीस वर्षं का लागली

2024 च्या जुलैमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला नदीवरचा, एलिझाबेथ गावाजवळचा डॅम सुरुंग लावून फोडला. हा डॅम 1907 च्या सुमाराचा आणि तो काढायची मंजुरी मिळाली होती 1992 मध्ये. मधली सगळी वर्षं नुसती दिरंगाईत गेली असं नाही (तीही झाली, निधी तुकड्यातुकड्याने येत राहिला), खरं कारण नदीतच आहे.

ही नदी म्हणजे पिट्सबर्गच्या कोळशाचा आणि पोलादाचा रस्ता. 1841 पासून एका खाजगी कंपनीने इथे लॉक (बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे पाण्याचे कप्पे) बांधून टोल घ्यायला सुरुवात केली, 1897 मध्ये केंद्र सरकारने ते सगळं विकत घेतलं. असा डॅम पूर अडवायला किंवा वीज करायला नसतोच, तो फक्त मागचं पाणी पुरेसं खोल ठेवतो म्हणजे बार्ज (मालवाहू सपाट बोटी) तळाला टेकत नाहीत, आणि खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात जायला बाजूला लॉक. त्यामुळे आधी डॅम फोडला तर मागचं पाणी उतरणार आणि बोटी अडकणार.

म्हणून आधी खालचा ब्रॅडॉकचा डॅम बदलला. त्याच्या जागी गेटवाला नवा डॅम आला 2004 मध्ये, आणि त्याचे काँक्रीटचे अवाढव्य भाग लीट्सडेल गावात बनवून नदीतून तरंगत आणून जागेवर बुडवले, मला तर या अख्ख्या प्रकल्पात हेच सगळ्यात भारी वाटतं. मग वरच्या बाजूला शार्लरॉयला 84 फूट रुंद नवा लॉक, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. हिशोब असा होता की एलिझाबेथच्या खालचं पाणी साधारण 5 फूट वर येईल, वरचं 3 फुटांच्या आसपास उतरेल आणि दोन्ही एका पातळीला येतील. तेव्हा कुठे सुरुंगाची पाळी आली.

पाण्याखाली सुरुंग उडवणं तसं जुनंच आहे. 1839 पासून ब्रिटिश इंजिनिअर पॅस्ली यांनी बुडालेल्या रॉयल जॉर्ज जहाजाचे अवशेष बंदुकीच्या साध्या दारूने फोडले, पण दारू कोरडी ठेवायचीच मोठी कटकट. 1867 मध्ये नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि बरंच सोपं झालं. 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या हेल गेट या जलमार्गातला फ्लड रॉक हा खडक अमेरिकी लष्करी इंजिनिअर जॉन न्यूटन यांनी आतून बोगदे खणून उडवला, सुमारे 3 लाख पौंड स्फोटकं एकाच वेळी.

आता असं एकदम कोणी उडवत नाही. काँक्रीटमध्ये ड्रिलने भोकं पाडायची, पाणी न लागणारी स्फोटकं भरायची, वर खडी ठासायची आणि एकेक भोक काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवायचं, म्हणजे हादरा विभागला जातो. पाणी दबत नाही, त्यामुळे त्यातून धक्का हवेपेक्षा कितीतरी जोरात आणि लांबपर्यंत जातो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फाटते. म्हणून बऱ्याच ठिकाणी भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात आणि माशांच्या अंडी घालण्याचा हंगाम टाळतात, आणि हे झालंच पाहिजे, खर्च वाढला तरी.

बार दर वेळी नीट बसतोच असंही नाही. 2004 मध्ये व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीवरचा एम्ब्री डॅम फोडताना पहिल्या बाराने भिंत फुटली नाही, त्याच दिवशी परत स्फोटकं लावावी लागली. न उडालेला माल पाण्यात असताना तिथे पुन्हा जाणं हे या कामातलं सगळ्यात धोक्याचं.

एलिझाबेथला आधी सुरुंगाने वाट करून दोन्हीकडचं पाणी हळूहळू एक होऊ दिलं, उरलेलं तोडकाम त्यानंतरचं. आता ब्रॅडॉक ते शार्लरॉय जवळपास 30 मैल बार्जना मध्ये कुठे लॉकसाठी थांबायचं कारण उरलेलं नाही.