खडाखडीमागचे विज्ञान

पुण्याच्या पेठांमधील चिंचेची तालीम किंवा गोकुळ वस्ताद तालीम यांसारख्या जुन्या तालमींत लढती पाहताना पहिला डाव पडण्याआधीची झटापट मुद्दाम पाहण्यासारखी असते. पैलवान तांबड्या मातीने हात कोरडे करतात, पंजे अडकवतात, मानेवर हात टाकून किंचित खेचतात आणि सोडून देतात. या खडाखडीत समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, त्याची मान किती ताठ आहे, धक्का बसल्यावर तो मागे सरतो की अंगावर येतो, याची चाचपणी होत असते. नवखा पैलवान हा टप्पा घाईने उरकतो, तर मुरलेला पैलवान आपल्यापेक्षा अंगाने लहान असलेल्या जोडीशीही तो टाळत नाही. अनुभवाने नेमके काय बदलते, हे समजून घेण्यासाठी प्राण्यांच्या झुंजींचा अभ्यास उपयोगी पडतो.

सांबराच्या जवळच्या नात्यातील तांबड्या हरणांचा स्कॉटलंडच्या रम बेटावर केलेला अभ्यास टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. माजावर आलेले नर आधी आळीपाळीने गर्जना करतात, मग समांतर चालत एकमेकांना न्याहाळतात, आणि तेवढ्याने निकाल लागला नाही तरच शिंगे भिडवतात. सतत गर्जना करायला दमसास लागतो, त्यामुळे अशक्त नराला ताकदीचे सोंग फार वेळ वठवता येत नाही. मात्र सगळेच प्राणी समोरच्याला असे जोखत नाहीत. कित्येक प्राणी केवळ स्वतःचा दम किती उरला आहे एवढेच पाहतात आणि तो संपला की माघार घेतात.

शिवाय झालेल्या लढतीची छाया पुढच्या लढतीवर पडते. हरलेला नर रातकिडा काही तास इतर नरांना टाळतो, तर जिंकलेला अधिक आक्रमक होतो, पण त्याचा हा कैफ लवकर उतरतो. हरलेल्या किड्याला थोडा वेळ उडायला लावले की तो पुन्हा झुंजायला तयार होतो, हे हान्स होफमन आणि पॉल स्टीव्हन्सन यांनी 2000 मध्ये दाखवून दिले. ग्यानबाची मेख इथेच आहे. विजयामुळे वाढतो तो स्वतःवरचा विश्वास, पुढे उभ्या राहणाऱ्या नव्या प्रतिस्पर्ध्याविषयी मात्र त्यातून काहीच कळलेले नसते.

मग मेंदू शिकतो कशावरून? चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींची नोंद घेतली. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोरात उद्दीपित होत. रस मिळणार हे खुणेवरून ठाऊक झाल्यावर मात्र तो मिळूनही त्यांच्यात फारसा बदल होत नसे, आणि अपेक्षित रस चुकला की त्यांची क्रिया मंदावे. म्हणजे शिकण्याचा संकेत उमटतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातील तफावतीवर. बुद्धिबळातील खेळाडूंची ताकद आकड्यांत मोजणाऱ्या एलो गुणांकनाचे गणितही हेच आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकनात 200 चे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूकडून प्रत्येक डावात (विजयाला 1, बरोबरीला अर्धा गुण धरून) सरासरी 0.76 गुणाची अपेक्षा धरली जाते. एका डावाने गुणांकन किती बदलावे हे ठरवणारा गुणक 20 असल्यास जिंकल्यावर त्याच्या गुणांकनात जेमतेम 5 ची भर पडते, हरल्यावर मात्र सुमारे 15 जातात. सोप्या विजयातून मिळणारी माहिती इतकी तुटपुंजी असते, आणि तरीही ‘दुबळ्या’ खेळाडूच्या वाट्याला 100 डावांत सरासरी 24 गुण येतातच.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2024 रोजी कुस्तीपटू विनेश फोगाटने आंतरराष्ट्रीय लढतींत तोवर अजिंक्य असलेल्या जपानच्या युई सुसाकीला 3-2 असे हरवले, तेव्हा अखेरच्या काही सेकंदांपर्यंत विनेश 0-2 अशी मागे होती. सुसाकीने तिला कमी लेखले होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु जिंकण्याची शक्यता कितीही मोठी असली तरी ती खात्री नसते, हे त्या लढतीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

म्हणूनच एकाच पठ्ठ्याला कधी वजनदार, कधी हलका पण चपळ, तर कधी डावखुरा जोड देण्याची वस्तादांची रीत मला अतिशय शास्त्रशुद्ध वाटते, कारण अंदाज चुकण्याचे प्रसंग त्यामुळे मैदानाऐवजी तालमीतच येतात. हलक्या जोडीने पट काढून, म्हणजे पाय धरून, वजनदार पैलवानाला खाली आणले, तर ‘आज नशीब नव्हते’ असे म्हणून तो ती तफावत सहज झटकून टाकू शकतो. चांगले वस्ताद तशी सवड देत नाहीत. ते लढत तिथेच थांबवतात, पुढच्या पायावर किती भार होता ते दाखवतात आणि त्याच जोडीशी तोच डाव पुन्हा करून घेतात.