बेळगावचं लॉ कॉलेज: सनद कुठली, कोर्ट कुठलं

बेळगावात कुणाला ‘राजा लखमगौडा’ म्हटलं की समोरचा तीनपैकी एक काहीतरी धरतो. शेतकरी असला तर हिडकलचं धरण, कॉलेजात सायन्स केलेला असला तर आरएलएस, आणि वकील असला तर टिळकवाडीतलं लॉ कॉलेज. तिन्हींना नाव एकाच माणसाचं आहे, वंटमुरीच्या सरदेसाई राजांचं. कोल्हापूरला जाताना लागणारा वंटमुरी घाट तो त्यांच्याच मुलखातला. संस्थानिक म्हणून ते काही फार मोठे नव्हते, पण शिक्षणाला देणगी देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. कॉलेज काढलं कर्नाटक लॉ सोसायटीने, १९३९ साली.

त्याआधी बेळगावच्या पोराला वकील व्हायचं तर घर सोडावं लागे. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज १८५५ पासूनचं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं, आणि कोल्हापुरात १९३३ ला निघालेलं साईक्स लॉ कॉलेज, ज्याला पुढे शहाजी लॉ कॉलेज म्हणू लागले. जमखंडीकडच्या सावळगीचे बी. डी. जत्ती याच कोल्हापुरात कायदा शिकले. जमखंडीत वकिली केली, म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले, उपराष्ट्रपती झाले आणि १९७७ मध्ये काही महिने हंगामी राष्ट्रपतीही. जत्तींचं नाव आमचे लोक अधूनमधून बेळगावच्या खात्यावर टाकतात. ते बरोबर नाही. ते कोल्हापूरचे विद्यार्थी.

बेळगावच्या खात्यावरची खरी नावं ऐकली तर आधी थोडं चक्रावायला होतं, कारण त्यातले दोन सर्वांत मोठे बेळगावचे नाहीतच. ई. एस. वेंकटरामय्या मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपूर तालुक्यातले, जन्म १९२४ चा. तेव्हा म्हैसूर संस्थानात कायद्याचं कॉलेज नव्हतं, बंगळूरचं निघालं १९४८ ला. म्हणून हा कन्नड मुलगा आधी पुण्याला आयएलएसमध्ये आला आणि मग बेळगावला. १९७९ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ च्या जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत देशाचे सरन्यायाधीश होते. वर्तमानपत्राच्या कागदावरच्या आयात शुल्काचा १९८४ चा निकाल त्यांनीच लिहिलेला. कागदावर सरकारने कर लावावा, पण तो इतका नको की वर्तमानपत्रच बंद पडावं, असा त्याचा गाभा. त्यांची मुलगी बी. व्ही. नागरत्ना २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत.

दुसरे के. के. वेणुगोपाल. जन्म कान्हंगडचा, वाढले मंगळूरला, फिजिक्सची पदवी मद्रासची आणि कायदा बेळगावचा. वडील एम. के. नंबियार नामांकित बॅरिस्टर. राज्यघटना लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी, १९५० मध्ये, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले ते हेच. १९५४ ला मुलाला सनद मिळाली. मुलगा पुढे भूतानच्या राज्यघटनेचा सल्लागार झाला, आणि २०१७ ते २०२२ भारताचा अ‍ॅटर्नी जनरल. मला या घराण्यात एक गंमत दिसते. बापाने सरकारविरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ रुंद करायचा प्रयत्न केला आणि तो खटला हरला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे मुलगा सरकारचा वकील म्हणून उभा होता आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं सांगत होता. तोही हरला. बापाची बाजू देशाने साठ-सत्तर वर्षांनी उचलून धरली, ती मुलाच्या युक्तिवादाविरुद्ध. अर्थात वकील पक्षकाराची बाजू मांडतो, स्वतःची नाही, हे कोर्टाच्या आवारात चहा विकणाराही सांगेल.

तिसरं नाव मात्र इथल्या मातीतलं. के. के. कोप्प गावचे सुरेश अंगडी. कायद्याची पदवी याच कॉलेजची, पण वाट धंद्याची आणि मग राजकारणाची. २००४ पासून सलग चार वेळा बेळगावचे खासदार, २०१९ ला रेल्वे राज्यमंत्री. कित्तूरमार्गे धारवाडला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा पाठपुरावा त्यांनी केला. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने दिल्लीत गेले आणि अंत्यसंस्कारही तिथेच झाले, गावाला शेवटचं दर्शनही मिळालं नाही.

सीमाभागातल्या वकिलाची गोष्ट या मोठ्या नावांत मात्र नीट दिसत नाही. ती दिसायला १ नोव्हेंबर १९५६ कडे जावं लागतं. त्या दिवसापर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि अपील मुंबई हायकोर्टात जाई. कर्नाटक विद्यापीठ १९४९ ला निघालं आणि धारवाडला आलं, तेव्हा मधली काही वर्षं मोठी विचित्र होती: पदवी धारवाडची, हायकोर्ट मुंबईचं. मग जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एका रात्रीत हायकोर्ट बंगळूरचं झालं. अंतरात म्हणाल तर फार फरक नाही, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास. फरक पडला तो भाषेत, आणि कुणाला ओळखता त्यात. मुंबईच्या ज्येष्ठ वकिलाला मराठीत पत्र लिहून कागद धाडणारा बेळगावचा वकील आता बंगळूरला कुणाला लिहिणार?

कायदे मात्र रातोरात बदलले नाहीत. जिल्ह्याला आजही वकिलांच्या बोलण्यात ‘बॉम्बे एरिया’ म्हणतात. कुळकायदा पुढची काही वर्षं १९४८ चा मुंबईचाच राहिला, परगणा आणि कुलकर्णी वतनं खालसा करणारा १९५० चा कायदाही मुंबईचा. मग कर्नाटकचा जमीन सुधारणा कायदा आला, आणि त्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी जमिनीवरच्या हक्कासाठी ‘फॉर्म नंबर सात’ भरले आणि लँड ट्रिब्युनलपुढे रांगा लागल्या. वतनाच्या जमिनीचा दावा आजही आला की वकिलाला मुंबईचे जुने निकाल उघडावेच लागतात.

आणि उघडावे लागतात ते कागद. आमच्याकडच्या एका खरेदीपत्राची ओळख सांगतो. स्टँप पेपर तपकिरी झालेला, घड्यांवर फाटलेला, मागून कापड चिकटवलेला. मजकूर मोडीत, एका ओळीला धरून लोंबणारा. वर ‘लिहून घेणार’, खाली ‘लिहून देणार’, मधे चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. ओढ्याने कधीचं पात्र बदललं आहे आणि गाडीवाटेवर आता प्लॉट पडलेत. असा कागद कोर्टात द्यायचा तर आधी मोडी वाचणारा गाठायचा, मग मराठी करून घ्यायचं, मग इंग्रजी नाहीतर कन्नड. ही तीन पायऱ्यांची मजल करणारा वकील कुठल्याही नामवंतांच्या यादीत येत नाही. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी इथल्या तालुका कोर्टांत अशी माणसं आयुष्यभर बसली, ‘तारीख पडली’ म्हणत पक्षकाराला एसटीत बसवून देत आली. माझ्या हिशेबी कॉलेजचं खरं पीक ते.

सीमाप्रश्नही शेवटी वकिलांच्याच हातात गेला. सरन्यायाधीश राहिलेल्या मेहरचंद महाजनांचा आयोग १९६६ ला नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकला, बेळगाव शहर जिथल्या तिथे. महाराष्ट्राने तो मान्य केला नाही आणि २००४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पुरावा म्हणून जे मांडायचं ते पुन्हा तेच: मराठीतले उतारे, शाळेची रजिस्टरं, जुनी खरेदीपत्रं.

मोठी कोर्टं हळूहळू जवळ येत गेली. धारवाडला २००८ मध्ये कर्नाटक हायकोर्टाचं फिरतं पीठ आलं, २०१३ ला ते कायम झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आता चंदगडचा विचार करा. १९५६ ला हा तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडला गेला. बाजार मात्र आजही बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, अनेकांचं कॉलेजही बेळगावचं. टिळकवाडीत एकाच बाकावर बसून पदवी घेतलेली दोन पोरं, एक खानापूरचं, एक चंदगडचं. पदवी दोघांची एकच, हुबळीच्या कायदा विद्यापीठाची. एक कर्नाटकच्या बार कौन्सिलची सनद घेऊन धारवाडची गाडी पकडतं, दुसरं महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची घेऊन कोल्हापूरची.