पंपाची सवय लागते म्हणे!

मागच्या आठवड्यात नौपाड्यात एका मेडिकलमध्ये उभा होतो. माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा कॉलेजातला नातू. पोराची घरघर मला मागे ऐकू येत होती. पाऊस उघडला की घोडबंदर रोडची धूळ आणि खोदकाम मिळून ठाण्यातल्या दमेकऱ्यांचे हाल करतातच. आजी दुकानदाराला ठणकावून सांगत होत्या, "पंप नको हो, पंपाची सवय लागते. ती छोटी गोळी द्या." चार घड्यांची चिठ्ठी उलगडून दुकानदार म्हणाला, "आजी, डॉक्टरांनी पंपच लिहिलाय." आजींचा चेहरा काही खुलला नाही.

गोळी आणि पंप, दोन्हींत औषध एकच असू शकतं: साल्ब्युटामॉल. गोळी साधारण ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे! शिवाय गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट जिथे काम आहे तिथे पोचतो.

ते काम कुठे आहे? श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंच्या पेशींवर. पेशीला मेदाच्या दोन थरांचा पडदा असतो, हे आपण शाळेत शिकलो. त्या पडद्यात रुतून बसलेलं, बाहेरचा निरोप पकडणारं एक प्रथिन आहे, बीटा-२ रिसेप्टर. ४१३ अमिनो आम्लांची एकच साखळी, सात वेळा पडद्याच्या आरपार गेलेली, दर वेळी स्प्रिंगसारखा पीळ घेऊन. त्या प्रत्येक पिळाला सर्पिल म्हणतात. याच घडणीचे सुमारे ८०० रिसेप्टर माणसाच्या शरीरात आहेत आणि मान्यताप्राप्त औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात.

इथे सगळे कुलूप-किल्लीचा दाखला देतात. मला तो मुळीच पटत नाही. कुलूप किल्लीची वाट बघत गप्प पडून असतं, रिसेप्टर कधीच गप्प नसतो. तो सतत थोडा उघडतो, थोडा मिटतो. औषध नसतानाही क्वचित आपोआप 'चालू' होतो. औषध फक्त त्या हालचालीचं पारडं एका बाजूला झुकवतं. हे एकदा लक्षात आलं की औषधांची रचना करणारे नेमकं काय करतात ते कळतं.

या रिसेप्टरला 'चालू' करणारं आपलं अंगचं रसायन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. त्याच्या एका टोकाला कडं असतं आणि कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट. दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. रिसेप्टरच्या खोबणीत हा नायट्रोजन तिसऱ्या सर्पिलावरच्या ११३व्या अमिनो आम्लाला, अ‍ॅस्पार्टिक आम्लाला, धरतो. कड्यावरचे हायड्रॉक्सिल पाचव्या सर्पिलावरच्या सेरिनना (२०३, २०४ आणि २०७) धरतात. पाचवं सर्पिल आत ओढलं जातं, जेमतेम ०.२ नॅनोमीटर. पण तेवढ्यानं पडद्याच्या आतल्या बाजूला सहाव्या सर्पिलाचं टोक तब्बल १.४ नॅनोमीटर बाहेर झुकतं! त्या फटीत, निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाची शेपटी शिरते आणि मगच ती 'चालू' अवस्था पक्की होते. पुढे पेशीत चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैल पडतो, श्वास मोकळा होतो. हे सगळं काही मिनिटांत.

अ‍ॅड्रेनलिनची अडचण अशी की ते हृदयालाही हाकतं आणि शरीरातलं एक विकर त्याच्या एका हायड्रॉक्सिलवर मिथिल चिकटवून त्याचा लगेच निकाल लावतं. रसायनशास्त्रज्ञांनी काय करावं? तोच हायड्रॉक्सिल एका कार्बनच्या अंतरावर सरकवला. विकराला तो ओळखू येईना, सेरिनला मात्र चालला. नायट्रोजनवर इवल्याशा मिथिलऐवजी चार कार्बनचा पसरट गट बसवला, त्यामुळे रेणूचा ओढा बीटा-२ कडे वाढला, हृदयावरच्या बीटा-१ कडे कमी झाला. झालं साल्ब्युटामॉल. असर चार ते सहा तास. १९६९ साली ते इंग्लंडात बाजारात आलं, तेव्हा या रिसेप्टरचं रूप कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. ते दिसलं २००७ मध्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटानं त्याचा वळवळणारा भाग कापून तिथे एका विषाणूचं घट्ट प्रथिन जोडलं, तेव्हा कुठे त्याचे स्फटिक जमले. २०११ मध्ये जी-प्रथिनासकट पूर्ण चित्र आलं आणि २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळालं.

उलटा खेळही त्याच खोबणीत चालतो. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचं प्रोप्रानोलॉल हे औषध तिथे जाऊन बसतं, पण पाचव्या सर्पिलाला ओढत नाही, त्यामुळे रिसेप्टर मिटलेलाच राहतो. अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून ही गोळी कुणी लिहून देत असेल तर दमा असल्याचं आधी सांगा. दमेकऱ्याला ती महागात पडते.

आता दमा जावा म्हणून मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळणाऱ्यांबद्दल. माशाच्या तोंडात भरलेलं ते औषध कुठल्या रिसेप्टरवर जातं, किती मात्रेत जातं, हे कुणी विचारत नाही. गर्दी मात्र दरवर्षी असते. दुसऱ्या टोकाला 'एआयनं औषध शोधलं' असे मथळे. संगणक प्रथिनाची घडी चांगली वर्तवतो, खरंय. पण रेणू यकृतातून कसा निभावतो आणि हृदयाला छेडतो का, हे शेवटी तपासूनच कळतं.

राहिला आजींचा मुद्दा. पंपाचं व्यसन लागत नाही, पण त्यांच्या म्हणण्यात एक कण खरा आहे. रिसेप्टर पुन्हा पुन्हा 'चालू' केला की पेशी त्याच्या शेपटीवर फॉस्फेट लावते, अ‍ॅरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि रिसेप्टर पडद्यातून आत ओढला जातो. मग तोच फवारा कमी लागू पडतो. शिवाय साल्ब्युटामॉल स्नायू सैल करतं, नळीची सूज तशीच राहते. सूज उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं, आणि त्यानं बीटा-२ रिसेप्टरचं उत्पादनही वाढतं. म्हणूनच दम्याच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शिकेनं २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या आरामाच्या पंपावर, म्हणजे साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर, ठेवू नका असं सांगितलंय. एका डब्यात साधारण २०० फवारे असतात. वर्षात असे तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर दमा ताब्यात नाही असं धरून डॉक्टरांकडे जावं, आणि रिकामे डबे सोबत न्यावेत. 'कधीतरी घेतो' या उत्तराचा हिशेब कुठल्याच डॉक्टरला लागत नाही.