‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की किती ठिकाणी?

सांगलीत पावसाचा नकाशा घरोघरी बघितला जाऊ लागला तो खऱ्या अर्थाने २०१९च्या महापुरानंतर. त्याआधी तो वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असायचा, समदाब रेषांची वेटोळी आणि खाली चार शहरांचं तापमान. देशाचं हवामान खातं १८७५चं, १९२८ ते १९४४ त्याचं मुख्यालय तर पुण्यातच होतं. पण कृष्णाकाठच्या माणसाचा भरवसा आयर्विन पुलाच्या फूटपट्टीवर: चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका.

नकाशा हातात आला आणि त्याच्यासोबत हवामान खात्याच्या बुलेटिनची भाषाही आली. तिथे सगळ्यात जास्त पाय अडकतो तो ‘तुरळक’ या शब्दात. आपल्याकडे ‘पाऊस तुरळकच झाला’ म्हणजे पेरणीच्या कामाचा झाला नाही. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार’ असं वाचलं की माणूस पहिल्या शब्दावरच निर्धास्त होतो. प्रत्यक्षात तो शब्द पावसाला नाही, ठिकाणांना लावलेला आहे. एकूण पर्जन्यमापकांपैकी पाव किंवा त्याहून कमी जागी पाऊस, म्हणजे तुरळक. निम्म्यापर्यंत गेला की ‘काही ठिकाणी’. त्या पाव जागांवर किती पडेल ते पुढचा शब्द सांगतो: २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५च्या पुढे सगळ्यात वरची पायरी. त्यात भर म्हणजे महसूल खात्याच्या लेखी मंडलात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिमी झाला की ‘अतिवृष्टी’. पंचनाम्याला आलेला तलाठी आणि बुलेटिन एकाच पावसाला दोन नावं देतात ती अशी.

संज्ञा बदलली तर जुन्या नोंदींशी ताळा लागत नाही, हा खात्याच्या बाजूचा मुद्दा मान्य. तरी ‘मोजक्या ठिकाणी’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. कारण साताऱ्यात ती मोजकी ठिकाणं म्हणजे बहुतेक वेळा महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यातलं नवजा, आणि तिथलं पाणी आमच्याच दारात येतं. २३ जुलै २०२१च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पडला. नोंद २३ तारखेची, पाऊस बराचसा २२चा. हा साडेआठचा हिशेबही अनेकांच्या ध्यानात येत नाही. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत कृष्णेने सांगलीत पन्नास फूट ओलांडले.

शब्दांनंतर वाद येतो तो जिल्ह्याजिल्ह्याला दिल्या जाणाऱ्या इशाऱ्याच्या रंगांचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे सांगणं मुख्यतः प्रशासनाला आहे, आपल्या अंगणात किती पडेल याचं ते माप नव्हे. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास, असा जिल्हा एकाच रंगात रंगवला की माणमधल्या दहिवडीचा माणूस उन्हात उभा राहून लाल नकाशा बघतो. दोन-चारदा असं झालं की पुढचा इशारा तो उघडूनही बघत नाही. अलीकडे साताऱ्याचा घाटमाथा वेगळा दाखवतात, ते उशिरा का होईना बरं झालं. सांगलीत पावसाळी शिराळा आणि कोरडं जत मात्र एकाच रंगात नांदतात.

तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांनी यातून आपली वाट काढली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात (नवी फूट निघताना) किंवा फुलोऱ्यात असताना त्यांना जिल्ह्याचा रंग काय कामाचा? ते मोबाइलवर अंदाजाची दोन वेगवेगळी संगणकी मॉडेलं शेजारी लावतात. एकाची चौकट नऊ किलोमीटरची, दुसऱ्याची पंचवीसची, म्हणजे आपलं शिवार आणि पलीकडचं गाव एकाच चौकटीत असू शकतं, हे त्यांना पाठ आहे. दोन्हीकडे पाऊस दिसला तर दावण्याचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीचं, औषध भरून ठेवायचं. एकातच दिसला तर संध्याकाळी नकाशा बदलतो का ते बघायचं आणि मग फवारणीचा ब्लोअर जोडायचा.